राणीचं सूर्यफूल आणि सगुणा माळीण

एका राज्यात पद्मकेतू नावाचा राजा होता, त्याची राणी मृगावती. राजा भला, पण त्याला सारखेपणाचं भारी वेड. झाडं ओळीत, हत्ती ओळीत, जेवणाची पानंसुद्धा दोरी धरून मांडलेली. आता नांदतं घर म्हणजे थोडं इकडंतिकडं व्हायचंच की, पण राजाला सांगणार कोण?

त्या राज्यात माळ ओवायची एक जुनी रीत होती. पहिल्या गाठीत एक फूल, दुसरीत एक. मग मागच्या दोन गाठींत मिळून जितकी फुलं, तितकी पुढच्या गाठीत: दोन, तीन, पाच, आठ, तेरा. ती माळ गळ्यात पडली की वाटे, वेलच वाढत चाललीय. आता अशा माळा कुठं बघायला मिळतात?

राजानं ती रीत मोडली. गाठीगाठीत चार फुलं, असा हुकूम काढला. जुन्या रीतीनं माळा ओवणारी सगुणा माळीण घरी बसली.

पुढं जादूगार धूम्राक्ष दरबारी आला. स्वागताला गळ्यात पडलेली माळ त्यानं मोजली, गाठीगाठीत चारच फुलं बघून नापसंतीनं मान हलवली नि राणीवर फुंकर घातली. राणीचं सूर्यफूल झालं, मधलं तबक रिकामं. त्याच्या खांद्यावरची साळुंकी म्हणाली, "मावळतीच्या आत तबक बियांनी भरा. फट राहिली तर राणी जन्मभर फूल."

राजानं ओळी मांडल्या. कडेला फटी राहिल्या. प्रधानानं रिंगणं मांडली. रिंगणांमध्ये फटी राहिल्या. ऊन कललं, पाकळ्या मिटू लागल्या. तेव्हा राजा अनवाणी सगुणेच्या दारी गेला.

"सगुणाबाई, रीत आठवते?"

"बोटांना आठवते, महाराज. पण हुकूम आपला आहे."

"मोडला हुकूम."

बागेत आल्यावर ती म्हणाली, "आता जरा सरका. माझ्या उजेडात उभे आहात."

तिनं मधोमध एक बी ठेवलं, लागून एक, मग दोन, तीन, पाच, आठ, प्रत्येक वेळी किंचित वळण देऊन. चुकलं की सासूबाई बोटावर कशी टिचकी मारायच्या, तेही सांगत होती. शेवटचं बी बसलं. प्रधानानं फेरे मोजले: उजवीकडं वळणारे चौतीस, डावीकडं पंचावन्न. मुंगी शिरायला जागा नव्हती.

राणी उभी राहिली. पदर झटकला, पिवळा पराग सांडला. राजाला म्हणाली, "ओळीत उभी राहू का?"

राजा खाली मान घालून हसला. दुसऱ्या दिवसापासून सगुणेची सून तिच्याजवळ ओवायला बसू लागली. जशी त्यांची फट बुजली, तशी तुमच्याआमच्या घरातली बुजो.