चंद्री तिसरीची नेमणूक

फार जुनी गोष्ट. तेव्हा नगरपालिका खेकडे चालवायचे. एकदा गावाचं सांडपाणी साफ करणारं यंत्र बंद पडलं आणि सगळी घाण थेट खाडीत यायला लागली. खाडीच्या चिखलात शिंपलीत राहणाऱ्या चंद्री नावाच्या तिसरीची पोरं गुदमरायला लागली.

"साहेब, यंत्र दुरुस्त करा हो, पोरं जातील माझी," ती नगराध्यक्ष खेकड्याला म्हणाली.

"चंद्रीबाय, तुम्ही तिसऱ्या पाणी गाळूनच पिता ना? मग यंत्र हवंय कशाला? आजपासून तुम्हीच यंत्र!"

पोरांसाठी चंद्री एकटी अख्ख्या गावाची घाण गाळत राहिली. एके सकाळी तिची शिंपली उघडली, ती परत मिटलीच नाही.

नगराध्यक्ष फार हळहळले. आडवे चालत सांत्वनाला आले आणि अनुकंपा तत्त्वावर तिच्या सगळ्या पोरांना त्याच कामावर लावून गेले.