मागच्या पंख्याची शांतता

संगणक टेबलाखाली ठेवायचे, त्या काळातली गोष्ट. मिरजेच्या वत्सलाताई अंध मुलांसाठी गोष्टी वाचून संगणकावर रेकॉर्ड करत. त्या संगणकात दोन पंखे होते. पुढचा हवा आत घ्यायचा, मागचा ती बाहेर टाकायचा. मागचा सारखा घरघरायचा आणि वर मिरवायचा, "ऐका! हा डबा माझ्या जिवावर चालतो."

एकदा ताईंनी रेकॉर्डिंग लावून पाहिलं, तर गोष्टीपेक्षा घरघरच मोठी.

"तो आवाज माझा!" मागचा फुशारून म्हणाला.

ताईंनी सुस्कारा सोडला आणि तासाभराचं वाचन पुसून टाकलं.

मागचा रडकुंडीला आला. "थांबलो तर डबा तापेल. मग मी करू तरी काय?"

"तू जीव तोडून ओढतोस, पण मला हवाच मिळत नाही," पुढचा म्हणाला. "माझ्या तोंडावर काय आहे बघ."

धूळ बसू नये म्हणून ताईंनी हौसेनं विणलेलं क्रोशाचं कव्हर संगणक चालू असतानाही डब्यावर असायचं. तापलेल्या डब्याला हात लागला तेव्हा कुठे ताईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी कव्हर काढून घडी घातली. पुढच्याने पोटभर हवा घेतली. मागच्याला आता सावकाश फिरलं तरी पुरत होतं.

ताईंनी गोष्ट पुन्हा वाचली, पुन्हा ऐकली. या वेळी त्या हसल्या.

"ऐकलंस?" मागचा छाती फुगवून, पण हळूच म्हणाला. "दोन वाक्यांच्या मध्ये ताई थांबल्या, तिथली शांतता माझी."

"अर्धी माझी," पुढचा म्हणाला.