भुरामाय बसली तिथं घर

फार फार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या या काठाला एकही गाव नव्हतं. मोहाचं दाट रान होतं, आणि पाण्यावर डोंगा चालवणारी एकटी भुरा ढिवरीण होती.

एका वैशाखात पलीकडच्या तीरावर बैलगाड्या येऊन थांबल्या. दुष्काळानं उठवलेली माणसं होती ती. उदाराम कापगते त्यांचा म्होरक्या. भुरानं सगळ्यांना अलीकडे आणलं. काठावरची लोण्यासारखी काळी माती पाहून उदारामानं तिथंच खुंट्या ठोकल्या.

"इथं पेरा, पण राहू नका जी," भुरा म्हणाली. "ही नदीची निजायची जागा आहे."

"डोंगेवाली आम्हाला घर बांधायला शिकवणार!" उदाराम हसला.

 दुसऱ्या दिवसापासून भुरा मागच्या टेकडीवरची झुडपं तोडू लागली. कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायची, "पाहुणे येणार आहेत."

दोन पावसाळे बरे गेले. धान पिकलं, पाळणे हलले, लोक तिला हसून हसून थकले. तिसऱ्या भादव्यात मात्र नदी भरदुपारी घरांत शिरली. घरांपासून टेकडीपर्यंत भुराचा डोंगा दिवस मावळेपर्यंत थांबला नाही. चार माणसांच्या त्या डोंग्यात एकेका खेपेला चाळीस जण बसले, असं म्हणतात. शेवटी आईला खांद्यावर घेऊन उदाराम आला. त्याला मान वर करवेना.

"बस बापू," एवढंच ती म्हणाली.

पण पाणी टेकडीही चढू लागलं. तेव्हा भुरा उतारावर पाण्यात पाय सोडून बसली आणि लेकीला समजवावं तशी नदीशी बोलू लागली. "पुरे गं बाई. वर लेकरं आहेत." तीन दिवस, तीन रात्री ती बोलत होती. पाणी तिच्या गुडघ्यांवर चढलं नाही, असं म्हणतात. चौथ्या दिवशी नदी उतरली, आणि भुराचा आवाज गेला तो कायमचा.

मग गाव टेकडीवर वसलं. त्याची बारा गावं झाली, बाजार भरू लागला. घर बांधायचं तर लोक मुक्या भुरामायला जागा दाखवत. ती बसली तर पाया खणायचा. चालत राहिली तर नाही.

आजही नव्या पायाआधी ढिवरांच्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला मानानं बोलावतात. गेल्या साली शाळेसाठी बोलावलं, तर म्हातारी बसेचना. चालतच राहिली, मागून नकाशे सांभाळत साहेब लोक. चढावरच्या एका पळसाखाली ती टेकली. शाळा तिथंच उभी आहे.