कोऱ्या पोटाची तपेली

त्या राज्यात प्रत्येक भांड्याच्या पोटावर त्याचं काम लिहिलेलं असे. हंड्याच्या पोटावर ‘पाणी’, परातीच्या पोटावर ‘पीठ’, कढईच्या पोटावर ‘तळण’. ही अक्षरं खणाच्या तळाशी राहणाऱ्या छिन्नीमायने आपल्या जन्माआधीच कोरून ठेवली आहेत, अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. कोरलेल्याला धक्का लागू नये म्हणून आंघोळीच्या वेळी फक्त पाठ घासायची पद्धत होती.

या समजुतीमुळे राज्यात मोठी शांतता नांदत होती. चाळणीतून सगळं गळून जायचं, तरी तिला वाईट वाटत नसे. सांडशी येईल-जाईल त्याचा कान पकडायची आणि म्हणायची, “मी तरी काय करू बाई? लिहिलंय तसं वागते.”

फक्त तपेलीचं पोट कोरं होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून ती फडताळाच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी राहायची. पण एका सकाळी राज्याचे कारभारी हंडेराव यांची नजर तिच्यावर पडलीच.

“हे काय? काहीच नाही? दिवेलागणीपर्यंत शब्द दाखव, नाहीतर माळ्यावर चल.”

माळ्यावर म्हणजे फुटक्या बरण्यांच्या शेजारी, पालथं. कायमचं.

तपेली परातकाकूंकडे धावली. “काकू, मी काय होऊ?”

“अगं, माझ्या पिठाला पाणी घालणारं कुणीतरी हवंच आहे!”

सांडशीमावशी म्हणाली, “माझं ऐक, तू नुसती गरम राहा. मला धरायला काहीतरी हवं.”

परतताना तपेलीच्या लक्षात आलं, की कढईकडे आपण गेलोच नाही. कारण कढई फटकन काय बोलेल ते ऐकायचं नव्हतं. म्हणजे कुणाचं ऐकायचं, हेसुद्धा आपणच ठरवत होतो. तिला कसंसंच झालं.

मग ती खणाच्या तळाशी, थेट छिन्नीमायकडे गेली.

“माय, माझ्यावर लिहायचं राहून गेलं का हो?”

“कुणाची माय? मी सुताराची पटाशी. लाकूड तासते. तांब्या-पितळेला तोंड लावलं तर माझी धार राहील का?”

“मग बाकीच्यांवर कुणी लिहिलं?”

“मला काय विचारतेस? इथे आल्यापासून मी फक्त झोपलेय,” असं म्हणून पटाशीने कूस बदलली.

दिवेलागण झाली. सगळी भांडी चुलीभोवती जमली.

“काय गं, सापडला शब्द?” हंडेरावांनी विचारलं.

आता सांगायचंच आहे तर आवडीचं सांगावं, म्हणून तपेली म्हणाली, “भाकरी.” तिने लगेच एक करूनही पाहिली. भाकरी तिच्या गोल पोटात बसली आणि वाटीचा आकार घेऊन बाहेर आली. तवा इतका हसला, की चुलीवरून घसरला.

“अगं, आधी आपलं बूड बघ!” तो खालूनच म्हणाला.

बूड गोलच होतं. त्याला इलाज नव्हता.

“मग आमटी,” तपेली म्हणाली.

“कुठे लिहिलंय?” हंडेरावांनी विचारलं.

“कुठेच नाही. मी म्हणते म्हणून.”

स्वतःचा एवढा मोठा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तिने डाळ घेतली, चिंच घेतली, गूळ घेतला आणि ती चुलीवर चढली. घाबरल्यामुळे चिंच घालताना हात सैल सुटला, आणि पोटाच्या मानाने आमटीही बरीच जास्त झाली.

“आपल्या मनाने काम ठरवायचं? उद्या चाळणी म्हणेल, मी दूध साठवते!” हंडेराव कडाडले, आणि ही आमटी खरंच आमटी आहे का, हे पाहायला खाली वाकले. नेमकी तेव्हाच तपेलीला उकळी आली. आमटी उतू गेली ती थेट हंडेरावांच्या पोटावर.

‘पाणी’ची वेलांटी आधी घसरली. तिच्यामागून बाकीची अक्षरं निघाली. काजळीचा काळा ओघळ बुडापर्यंत गेला, आणि चिंचेने उजळलेलं तांबं लखलखू लागलं. त्यावर एक ओरखडाही नव्हता.

मग परातकाकू हळूच भिंतीकडे वळल्या. त्यांच्यामागून कढई वळली, मग घागर. थोड्याच वेळात अख्खं राज्य भिंतीला पोट लावून उभं होतं, आणि सगळ्यांच्या स्वच्छ घासलेल्या पाठींवर चुलीचा उजेड पडला होता.