सुपातले वाल

“रक्त कधी खोटं बोलतं का, माई?”

“नाही,” माई म्हणाल्या. मठाच्या ओसरीवर त्या परवाच्या पंगतीसाठी कडवे वाल पाखडत होत्या.

डॉक्टर चौबळ पायरीवर टेकले. हृदयरोगात त्यांचं मोठं नाव. झटका येऊन गेलेल्या माणसाचं रक्त पाहून ते पुढचं भाकीत करत, आणि ते सहसा चुकत नसे. त्याची ऐटही होती थोडी. मग हिवाळ्यात झटका त्यांनाच आला. तेव्हापासून ते गरज नसताना आठवड्याला स्वतःचं रक्त तपासून घेत होते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर ते त्याच्यावर खेकसले असते.

“जखमी हृदय रक्तात खुणा सोडतं,” ते म्हणाले. “माझ्या खुणा चांगल्या नाहीत. अशा शंभरातली वीसेक माणसं वर्षभरात जातात.”

“गोळ्या घेतोस?”

“वेळेवर.”

“मग झालं तर.”

“माझ्या लेकीला, केतकीला मुलगी झालीय, धारवाडला. सारखी बोलावते. मी गेलो नाही.”

“प्रवासाला मनाई आहे?”

“नाही.”

“मग?”

“बाळाला माझा लळा लागेल, माई. आणि मी नसेन...”

माईंनी सूप डॉक्टरांच्या पुढ्यात सरकवलं.

“यातले काही भिजवूनही दगडच राहतात. मोड येत नाहीत त्यांना. तेवढे वेचून दे.”

चौबळांचा जन्म मोडाच्या वालांच्या बिरड्यावर गेलेला. त्यांनी चष्मा चढवला. एक सुरकुतलेला वाल बाजूला काढला, मग परत टाकला. असे पुष्कळदा छान फुगतात. एक गुळगुळीत उचलला. त्याचीही खात्री देववेना.

“थोडे निघतीलच,” शेवटी ते वैतागून म्हणाले. “प्रत्येक सुपात निघतात. पण कुठले, ते आधी कसं सांगणार? नुसतं हातात घेऊन एकेकाचं...”

ते थांबले. हातातल्या वालाकडे बघत राहिले...

मग हसू लागले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी बाहीने पुसलं. छातीवरचा धोंडा कुणी उतरवून ठेवावा तसं त्यांना हलकं वाटलं.

तिथूनच त्यांनी फोन लावला.

“केतकी, उद्याच्या गाडीने निघतोय... हो, आईसुद्धा येतेय. राहायलाच येतोय.”

पलीकडे बाळ रडत होतं. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि मगच फोन खिशात ठेवला.

सूप परत देताना त्यांचा हात क्षणभर थबकला.

“पण माई, मी त्या विसांतला निघालो तर...?”

माईंनी सूप घेतलं आणि पाण्याच्या पातेल्यात सबंध रिकामं केलं.

“मी तर सगळेच भिजत घालते.”