पंख्याचा फ्यूज

जनावरांच्या डॉक्टर उर्मिला शिंगटे गॅरेजच्या दारात येरझाऱ्या घालत होत्या. पुढच्या गावात एक म्हैस सकाळपासून विताना अडली होती, तिच्या मालकाचा सारखा फोन येत होता आणि डॉक्टरांची गाडी वाटेतच तापून बंद पडली होती.

गॅरेजचे मालक बर्गेसाहेब म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. बॉनेट न उघडताच त्यांनी निकाल दिला, "इंजिन उतरवावं लागेल. आठ दिवस आणि साठ हजार धरा."

"अहो, रेडिएटरचा पंखा फिरतोय का, ते तरी बघा."

"बाई, तुम्ही म्हशी बघा. इंजिन आम्ही बघतो."

फोन पुन्हा वाजला. "निघालेच," असं सांगून डॉक्टरांनी मोबाइलवर गाडीची दुरुस्ती-पुस्तिका उघडली. गाडी तापली तर आधी पंख्याचा फ्यूज तपासा, असं त्यात चित्रासकट लिहिलं होतं. त्यांनी घाईघाईनं फ्यूज उपसला. तो जळला होता. फ्यूजच्या डबीतला जादा फ्यूज बसवून त्यांनी चावी फिरवली. इंजिन अजून गरमच होतं, त्यामुळे पंखा लगेच घरघरू लागला.

कारागीर हातातली कामं टाकून बघत राहिले. बर्गेसाहेब तडकले, "ही पुस्तिका मेकॅनिकसाठी असते! तुम्हाला ती वाचायचं कारणच काय?"

"मेकॅनिकनं वाचली नाही, हेच कारण," डॉक्टर म्हणाल्या आणि गाडी घेऊन निघाल्या.

म्हैस आणि रेडकू दोन्ही वाचली. बर्गेसाहेबांनी मात्र संध्याकाळी केबिनचं दार लावून तीच पुस्तिका गुपचूप वाचायला घेतली.