टोपलीखालचे करंज

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट, डोंगरांची उंची अजून वाढत होती तेव्हाची. अशाच दोन डोंगरांच्या बेचक्यात एक राज्य होतं. तिथं सूर्य पाहुण्यासारखा यायचा आणि दुपारचं जेवण उरकलं की निघून जायचा. मग अंधार, आणि अंधारात लांडगे. खोटं वाटत असेल तर तिथल्या शेळ्यांना विचारा. शेळ्या उरल्या असतील तर.

लांडगे भ्यायचे ते करंजाच्या तेलावर जळणाऱ्या टेंभ्याला. पण करंजाचं रोप मिळे फक्त राजाच्या बागेत, आणि एका रोपाला एक कालवड द्यावी लागे. बागेचा नाईक सांगायचा, "मी मंत्र फुंकतो म्हणून बी उगवतं. तुमच्या हातनं व्हायचं नाही ते." ज्यांच्या बांधावर करंज होते, त्यांनीही कधी बी पेरून पाहिलं नाही. मंत्र कुठं होता त्यांच्याकडे?

त्या बागेत एक माळीण राबायची. नाईक मंत्र फुंकून न्याहारीला गेला, की खरं काम तिचं. ताजं बी घ्यायचं, शेणाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचं, बोटाच्या पेराएवढं खोल लावायचं. एकदा तांब्याच्या कुंड्या संपल्या, म्हणून तिनं पळसाच्या पानांच्या द्रोणात बी लावलं. नाईकाला सर्दी झाली होती, त्यामुळं मंत्रही राहिला. तरी कोंब वर आले, आणि चांगले तरतरीत आले.

नाईकानं ते पाहिलं. तो हळू आवाजात म्हणाला, "हे बाहेर गेलं, तर तुला कोरड्या विहिरीत सोडीन. खाली काय आहे ते मलाही ठाऊक नाही. सांगायला अजून कुणी वर आलेलं नाही."

माळणीच्या पोटात गोळा आला. पुढं तो गोळा तिच्याबरोबरच जेवू लागला, तिच्याबरोबरच झोपू लागला.

मग एके दिवशी तिच्या वस्तीतला गुराखी परतला नाही. सापडली ती त्याची एक वहाण. दुपार कलली की लोक दारं लावून आत बसू लागले. तेव्हा माळणीनं घराच्या परड्यात चाळीस द्रोण लावले आणि चाळीस घरी गुपचूप एकेक रोप दिलं, फुकट.

"पण माझं नाव नको. आणि रोप कुणाच्या नजरेला पडू देऊ नका."

"मावशी, भिंतीलासुद्धा कळणार नाही," लोक म्हणाले.

आणि लोकांनी शब्द पाळला, इथंच घात झाला. कुणी रोप टोपलीखाली झाकलं, कुणी कणगीमागं ठेवलं, एकानं तर वर गोधडी घातली.

पंधरा दिवसांनी एका म्हातारीनं तिला घरात ओढलं. "बाई गं, तुझं रोप मेलं. मंत्र फुंकायचा राहिला का?"

माळणीनं टोपली उचलली. आत पांढरीफटक, लोळागोळा झालेली काडी. "आजी, याला ऊन कुठं दाखवलंत?"

"उन्हाला दाखवायचं म्हणजे गावाला दाखवायचं. तूच नको म्हणालीस ना."

चाळीस घरी हेच. नाईकाच्या मंत्रावर लोकांचा विश्वास आता दुप्पट बसला. दोघंजण तर कालवडी घेऊन बागेकडे निघालेही. आणि त्या दिवशी पहिल्यांदा भर उन्हात लांडगा ओरडला.

माळणीनं मनाशी हिशेब मांडला. गप्प राहिलं तर वस्ती संपते, बोललं तर आपण संपतो.

बाजाराच्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, ती चौकात जाऊन बसली. पुढ्यात बी, शेणपाणी, माती, पानं. पहिला द्रोण सांडलाच, तिनं दुसरा घेतला.

"बघा. असं भिजवायचं. असं लावायचं. आणि उघड्यावर ठेवायचं."

"आणि मंत्र?" कुणीतरी विचारलं.

"मंत्र नाही. शेण आहे."

किती महिन्यांनी तो बाजार हसला. पण ती नुसतं दाखवून थांबली नाही; तिनं प्रत्येकाला एकेक द्रोण भरायला लावला.

तेवढ्यात नाईक भालेकरी घेऊन आला. "हिला विहिरीत टाका."

म्हातारीनं आपले मातीचे हात पुढं केले. "मग मलाही टाक रे बाबा. मलाही येतं आता." मग दुसरे हात पुढं आले, मग सगळा बाजार. एक भालेकरी खाली वाकून हळूच म्हणाला, "मावशी, पेराएवढंच खोल ना?"

एवढे लोक मावतील अशी विहीर त्या राज्यात नव्हती. नाईक आल्या पावली परतला.

पुढं बांधाबांधावर करंज झाले, दारोदार टेंभे लागले, लांडगे डोंगरापलीकडे गेले. नाईक मंत्र फुंकत राहिला, पण कालवड काही येईना. माळणीच्या पोटातला गोळा मात्र शेवटपर्यंत गेला नाही. ती त्याच्यासकट रोपं वाटत राहिली.

तात्पर्य: भिऊन झाकलेली विद्या घरोघरी मरते, चारचौघांत वाटलेली विद्या कुणाच्या बापाला मारता येत नाही.